जीपचं हूड फाटलंय? बदलायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा

(नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित अवतार. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, दोन ठिकाणी वाक्यं जोडून घेतलीयत. बाकी जसं बोलले तसंच.)

आज गाड्यांवर बोलायचंय, पण इंजिन नाही, मायलेज नाही. आज फक्त कापड. उघड्या गाडीवरचं कापडाचं छप्पर, ज्याला शोरूममध्ये सॉफ्ट टॉप म्हणतात आणि गॅरेजमध्ये सगळे हूड म्हणतात.

निमित्त एका व्हॉइस नोटचं. चिपळूणजवळचा श्रोता आहे, वय २३. दीड वर्षापूर्वी त्याने सेकंड हँड सॉफ्ट टॉप थार घेतली, हप्ते चालू आहेत. तो म्हणतो, "ताई, मागच्या खिडकीच्या वरची शिवण वीतभर उसवलीय. डाव्या बाजूला आंब्याची फांदी लागून बोटभर फाटलंय. दुकानदार म्हणतो आख्खं हूड बदला, आणि त्याने सांगितलेला आकडा माझ्या तीन हप्त्यांएवढा आहे. पाऊस यायला वीस दिवस राहिलेत. काय करू?"

प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. कोकणात, घाटावर, गोव्यात कापडी छपराच्या जीपा आणि जिप्सी भरपूर आहेत. पाऊस म्हणाल तर रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. बोटभर भोकातून चार महिने पाणी आत आलं तर प्रश्न कापडाचा राहत नाही. सीटच्या फोमला बुरशी येते, कार्पेटखाली पत्रा गंजतो, वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज धरतो. नवीन थारच्या जाहिरातीत धुता येणारी फरशी आणि पाणी सोडायची बुचं दाखवतात, ती आहेतही. पण बुच फरशीतलं पाणी सोडतं, डॅशबोर्डमागच्या कनेक्टरमधलं नाही.

म्हणून मी दोन दुपारी आमच्या भागातल्या हूडवाल्या काकांकडे जाऊन बसले. जीपची हुडं, सीट कव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या असं सगळं शिवतात ते, गेली चाळीसेक वर्षं. दुकान म्हणजे एक मोठं शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे आणि सतत चालू असलेला रेडिओ. त्यांना व्हॉइस नोट ऐकवली. त्यांचा पहिला प्रश्न: "अगं, पण पाणी कुठून येतंय ते बघितलं का त्याने?"

त्या प्रश्नावर मी येतेच. त्याआधी एक मिनिट हे कापड नक्की काय असतं ते बघू, कारण दुरुस्ती कापडावर ठरते आणि बऱ्याच जणांना आपल्या डोक्यावर काय ताणलंय तेच माहीत नसतं.

ढोबळ तीन जाती. पहिली जुनी, सुती कॅनव्हास. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्राने आपल्याकडे विलीज जीप आणली, तेव्हा तिच्यावर हेच असायचं. सुती कॅनव्हासची एक गंमत आहे. ओला झाला की धागा फुगतो आणि विणीतली भोकं स्वतःच बुजवतो. त्यामुळे पहिल्या सरीला थोडं ठिबकतं, मग थांबतं. आणि आतून ओल्या कापडाला बोट लावलं की नेमकं तिथून गळायला लागतं. तंबूत राहिलेल्यांना हे माहीत असेल.

दुसरी जात व्हायनल, म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिन. आत पॉलिस्टरची जाळी किंवा कापड, वर पीव्हीसीचा थर. पाणी अजिबात पीत नाही, पुसायला सोपं, स्वस्त. पण ऊन खाऊन खाऊन कडक होतं आणि घडीवर तडकतं.

तिसरी जात म्हणजे तीन थरांचं कापड. बाहेर ॲक्रिलिक, मध्ये रबराचा पातळ पडदा, आत सुती किंवा पॉलिस्टर अस्तर. महागड्या परदेशी कन्व्हर्टिबलवर बहुतेक हेच असतं. ही कल्पना गाडीपेक्षा जुनी आहे बरं का. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबर घालायचं पेटंट घेतलं, त्यातून रेनकोट झाले. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचं छप्पर हा मुळात एक रेनकोटच आहे. पाणी अडवतो तो मधला थर. बाहेरचं कापड नुसतं भिजलं म्हणून घाबरायचं नाही, मधला पडदा फुटलाय का ते बघायचं.

आता काकांचा प्रश्न. पाणी आत येतंय म्हणजे कापड फाटलंय, असं आपण धरून चालतो. काका म्हणतात, त्यांच्याकडे गळकी म्हणून आलेल्या गाड्यांत कित्येकदा कापड धडधाकट असतं. पाणी शिवणीतून येतं, दाराच्या वरचं रबर चपटं झालेलं असतं म्हणून येतं, किंवा पाणी वाहून जायच्या पन्हळीत आंब्याचा मोहोर आणि पाला साठून ती तुंबलेली असते म्हणून येतं. शेवटच्या केसमध्ये आख्खं हूड नवं घातलं तरी गाडी गळणारच. एक जुनी टूथब्रश आणि तांब्याभर पाणी एवढ्यात जे झालं असतं, त्याला लोक हजारो रुपये मोजतात. ते बघून माझी तर चिडचिड झाली.

तपासायची पद्धत सोपी आहे, दोन माणसं लागतात. एक जण आत बसतो, हातात मोबाइलचा टॉर्च आणि खडू. दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडतो. फवारा नाही, नुसती धार. आणि खालून वर जायचं, हे विसरू नका. आधी दाराच्या काचेची खालची कड, मग वरचं रबर, मग बाजूची शिवण, मग टप. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळत सगळीकडून येईल आणि नक्की कुठून शिरलं ते कळणार नाही. आतला माणूस जिथे पहिला थेंब दिसेल तिथे खडूने खूण करतो. बास. आणि हो, पाणी कापडाच्या आतून वाहत जाऊन भलतीकडे टपकतं. तेव्हा थेंब पडला तिथे नाही, ओल सुरू झाली तिथे खूण करायची.

दुसरी युक्ती रात्रीची. गाडीत दिवा लावून दारं बंद करा आणि बाहेरून बघा. एकेरी रेक्झिन असेल तर सुईएवढं भोकसुद्धा चांदणीसारखं दिसतं. आतून जाड अस्तर लावलेलं असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

चिपळूणच्या दादाने माझ्या सांगण्यावरून ही तपासणी केली. निकाल असा आला: फांदीच्या भोकातून पाणी येतंय, उसवलेल्या शिवणीतून येतंय, आणि तिसरं म्हणजे उजव्या दारावरच्या रबरातून. हे तिसरं दुकानदाराच्या हिशोबात नव्हतंच. नवीन हूड घालूनही उजवी मांडी भिजलीच असती.

तर मग हूड बदलायचं कधी? काकांची परीक्षा दोन बोटांची. फाटल्याच्या शेजारचं धड दिसणारं कापड चिमटीत धरायचं आणि घडी घालायची. रेक्झिन असेल आणि घडीवर पांढऱ्या रेघा येऊन तडे गेले, किंवा आतल्या बाजूने थर चुऱ्यासारखा झडायला लागला, तर ते मेलं. मग फाटल्याच्या कडा दोन्ही हातांनी हळूच ओढायच्या. फाट पुढे सरकली तर तेही मेलं. अशा कापडावर ठिगळ लावलं तर ठिगळ टिकेल आणि त्याच्या कडेने नवीन फाटेल. पण कापड लवचीक असेल, ओढल्यावर फाट जागची हलत नसेल, तर दुरुस्ती करायची. दादाचं कापड या परीक्षेत पास झालं. म्हणजे दुकानदार खोटं बोलत होता असं नाही म्हणत मी. नवीन हूड विकणं त्याला सोपं, दुरुस्ती म्हणजे अर्धा दिवस गाडीत वाकून बसणं. त्याचंही गणित आहे. आपलं वेगळं आहे, एवढंच.

शिवण. खरं सांगायचं तर अर्धे आजार इथेच असतात. हुडात सगळ्यात आधी दोरा मरतो, कापड नंतर. ऊन दोऱ्याला खातं. सुती दोरा कुजतो. नायलॉनचा ओढायला मजबूत, पण उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो. बाहेरच्या कामाला जाड बाँडेड पॉलिस्टर दोरा मागा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणाला तर एक वीतभर तुकडा पेटवून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल, पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होईल. निदान सुती दोरा तरी गळ्यात पडणार नाही.

मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. म्हणून चार टाके उसवले आणि तुम्ही महिनाभर बघत बसलात, तर वीतभर होतात. चांभार जो टाका घालतात तो वेगळा: एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, दोन्ही सुया एकाच भोकातून विरुद्ध बाजूंनी. यात एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. उसवलेलं वीत-दोन वीत असेल तर हूड गाडीवरून काढायची गरजच नाही. वाकडी सुई आणि हा टाका पुरतो. तुमच्या गावात हूडवाला नसेल तर चपला शिवणाऱ्या काकांना नीट विचारा. त्यांच्याकडे आरी असते, हात असतो, आणि हे काम त्यांना आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगलं जमतं.

एक गोष्ट मात्र त्यांनाही आठवण करून द्या: जुन्याच भोकांतून शिवा. शेजारी नवीन भोकं पाडली तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं होतं, छिद्रांच्या रेघेवरून टरकन फाटतं. शिवून झालं की आतून शिवणीवर सीम सीलरचा पातळ हात द्यायचा. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, तंबूसाठी असतो तोच. कारण टाका कितीही घट्ट असला तरी प्रत्येक टाका म्हणजे एक भोक.

आता फांदीने फाटलेलं. इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. घरात असलेला इन्स्टंट गोंद काढतात आणि दोन कडा जोडून टाकतात. नको! तो गोंद सुकला की काचेसारखा कडक होतो. हूड तर सतत हलत असतं, वाऱ्याने फडफडत असतं. कडक झालेली कड शेजारच्या मऊ कापडाला करवतीसारखी कापते. एमसील, अराल्डाइट यांचंही तेच. आणि सिलिकॉन सीलंट तर त्याहून वाईट. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर पुढे दुसरा कुठलाच गोंद नीट धरत नाही. काकांकडे आलेल्या गाडीवर सिलिकॉन दिसलं की ते कपाळावर हात मारतात. मी स्वतः बघितलंय.

ठिगळ आतून लावायचं. त्याच जातीचं कापड घ्यायचं, रेक्झिनला रेक्झिन, कॅनव्हासला कॅनव्हास. फाटीच्या चारही बाजूंनी निदान दोन-तीन सेंटिमीटर जास्त, आणि कोपरे गोल कापायचे. चौकोनी कोपरा उचलला जातो, गोलाला उचलायला टोकच नसतं. आजीने गोधडीला लावलेली ठिगळं आठवून लगेच वाद घालू नका, ती चौकोनी असतात पण चहूबाजूंनी शिवलेली असतात.

मग स्वच्छता, आणि अर्धं काम हेच आहे. फाटलेला भाग आतून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, जे मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. गाडीला चकाकी आणायचं पॉलिश कधी मारलं असेल तर त्याचा तेलकट थर गेला पाहिजे. थिनर आणि पेट्रोल वापरू नका, रेक्झिन विरघळून चिकट होतं. रेक्झिन असेल तर पीव्हीसीचाच लवचीक गोंद घ्यायचा, पाण्याच्या पाइपचा कडक होणारा सोल्व्हेंट नाही. हवा भरायच्या बोटींना आणि ताडपत्र्यांना वापरतात तो. कापड असेल तर उष्णता सोसणारा काँटॅक्ट गोंद. काळं हूड मे महिन्याच्या उन्हात हात ठेववणार नाही इतकं तापतं, त्यात साधा रबराचा गोंद मऊ पडून ठिगळ हळूहळू सरकतं.

काँटॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि थांबायचं. ओला असताना चिकटवायचा नसतो. बोट लावल्यावर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, अशी वेळ यावी लागते. मग एकदाच, नेमकं दाबायचं. परत उचलून सरळ करायची संधी मिळत नाही. बाहेरून एक सपाट लाकडी फळी टेकवून धरायची, आतून लाटणं फिरवायचं. हो, स्वयंपाकघरातलंच लाटणं, पण त्याआधी घरातल्यांची परवानगी घ्या. एक दिवस हूड ताणलेल्या अवस्थेतच ठेवा, घडी घालू नका. आणि हे सगळं गाडीची दारं सताड उघडी ठेवून, सावलीत. या गोंदांची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, शेजारी सिगरेट, उदबत्ती काही नको.

फाट सरळ असेल आणि सैल भागात असेल तर एवढं पुरतं. ती ताणाच्या रेषेवर असेल, म्हणजे आडव्या पाइपवर किंवा कोपऱ्यात, तर नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका. ठिगळाच्या कडेने टाकाही हवा. फांदीने बहुतेक वेळा इंग्रजी एलसारखी फाट पडते. तिच्या दोन्ही टोकांना आधी दोन-दोन टाके घालून फाट तिथेच बांधून टाकायची, मग ठिगळ.

थांबा, एक महत्त्वाचं. भोक कशाने पडलं? फांदीने पडलं तर विषय संपला. पण समजा आपोआप पडलंय आणि दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच जागी कापड घासलेलं दिसतंय. मग फांदी-बिंदी काही नाही, फ्रेम खातेय. एक तर पाइपवरचं पॅडिंग गेलंय, नाहीतर हूड ताणून धरणारे इलॅस्टिकचे पट्टे सैल पडलेत आणि घडी घालताना कापड बिजागरीत चिमटतंय. पट्टा बदलणं हे ठिगळापेक्षा सोपं काम. ते केलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच जागी तेच भोक, फक्त आता ठिगळासकट.

खिडकी. मागची पारदर्शक प्लास्टिकची खिडकी पिवळी पडते, धुरकट होते, मग तडकते. नुसती धुरकट असेल तर प्लास्टिक पॉलिशने बरीच उजळते. पिवळेपणा आतपर्यंत गेलेला असतो, तो जात नाही. तडा गेला तर पारदर्शक टेप दोन्ही बाजूंनी लावून पावसाळा काढता येतो, पण ती दुरुस्ती नव्हे. चांगली बातमी अशी की खिडकीसाठी हूड बदलावं लागत नाही. हूडवाले नुसती खिडकी उसवून नवीन शीट शिवून देतात. शीट मात्र उन्हात टिकणारी, हुडाच्या कामाची मागा. डायनिंग टेबलावर अंथरायचं प्लास्टिक शिवणारे महाभाग आहेत, एका उन्हाळ्यात ते वेडंवाकडं होतं.

खिडकीची काळजी म्हणजे कोरडी धूळ फडक्याने पुसायची नाही, आधी पाणी ओतायचं. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे मारायचा नाही. घडी घालताना खिडकीला करकचून मोड येऊ द्यायची नाही. हा आजार जगभरचा आहे. माझदाची छोटी उघडी गाडी एमएक्स-५ १९८९ मध्ये आली तेव्हा तिलाही अशीच प्लास्टिकची खिडकी होती, छप्पर पाडायच्या आधी चेन उघडून खिडकी सपाट पाडावी लागायची. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत कंपनीने सरळ काच बसवली. परदेशात राहून हा भाग ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे ती जुनी गाडी असेल तर थंडीत जपा. गारठ्यात हे प्लास्टिक आणि रेक्झिन दोन्ही कडक होतात आणि घडी घातली की मोडतात. आधी गाडीतला हीटर चालवा.

टिचबटणं आणि चेन यांचं पटकन सांगते. बटण कापडातून उपटून आलं असेल तर त्याच भोकात परत ठोकू नका. मागे चामड्याचा किंवा जाड पट्ट्याचा तुकडा घालून मग ठोका. किनाऱ्यावर राहत असाल तर स्टीलचंच बटण घ्या, लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजून बसतं आणि उघडताना कापडासकट हातात येतं. चेन अडकत असेल तर दात साफ करून मेणबत्ती घासा.

"आता पाऊस सुरूच झालाय, मग?" असा प्रश्न येणार, मला माहितीय. हवेत दमटपणा असताना गोंद नीट वाळत नाही, त्यामुळे खरी दुरुस्ती उघडीप मिळाल्यावर, तीही बंद शेडमध्ये. तोपर्यंत तात्पुरतं ठिगळ. त्यासाठी सगळ्यात सहज मिळणारी वस्तू म्हणजे फ्लेक्स! चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरचा, उतरवून टाकलेला तुकडा. कापडाच्या जाळीवर पीव्हीसी, म्हणजे रेक्झिनचा गरीब चुलतभाऊच. छापलेली बाजू आत ठेवा, म्हणजे भावी नगरसेवक पावसाळाभर तुमच्याकडे बघून हात जोडत राहतील. एका मोसमाचं काम आहे हे, त्याहून जास्त अपेक्षा नको. आणि ओल्या हुडावर ताडपत्री टाकून करकचून बांधू नका. आत वाफ कोंडते आणि आठवड्याभरात काळे ठिपके येतात. ओलं हूड घडी घालून ठेवणं हाही तोच प्रकार.

बुरशी आलीच तर मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर पाणी आणि ऊन. ब्लीच नको, ते दोरा आणि रंग दोन्ही खातं. सर्व्हिस सेंटरवाला प्रेशरचा पाइप घेऊन हुडाकडे निघाला तर त्याला "दादा, लांबून" म्हणा. जवळून मारलेला फवारा शिवणीच्या आत घुसतो. कापडी हूड असेल तर धुऊन वाळल्यावर पाणी झटकणारा स्प्रे मारायचा, पावसाळ्याच्या आधी. रेक्झिनला तो स्प्रे लागत नाही.

चिपळूणच्या दादाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. शिवण चांभारकाकांकडून झाली, ठिगळ त्याने मित्राला हाताशी धरून स्वतः लावलं, दाराचं रबर नवीन घेतलं. सगळा खर्च त्याच्या एका हप्त्याच्या आतच बसला. खिडकी पिवळी आहे, ती दिवाळीनंतर.

शेवटी दोन कागदी गोष्टी, कारण यावरही मेसेज येतात. पहिली विम्याची. हूड झिजून, उन्हाने सडून फाटलं तर विमा काही देत नाही, ती झीज धरतात. कुणी ब्लेड मारून कापलं किंवा अपघातात फाटलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत दावा करता येतो, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. कापलेलं असेल तर आधी फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, विमा कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत हूड बदलू नका. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, त्यामुळे हुडाला तो कुठल्या खान्यात टाकणार हे आधीच विचारून घ्या. झीरो डेप असेल तर ही कटकट वाचते. लहान फाटीसाठी दावा करून नो क्लेम बोनस घालवायचा का, हे कॅल्क्युलेटर घेऊन ठरवा.

दुसरी गोष्ट, "ताई, कापडाची कटकटच नको, पत्र्याचं किंवा फायबरचं टप बसवून घेऊ का?" कापडाच्या जागी तसंच कापड ही दुरुस्ती झाली, त्याला कुणी विचारत नाही. पण सॉफ्ट टॉपची हार्ड टॉप करणं हा गाडीच्या रचनेतला बदल आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतली माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा अर्थ कडकच लावलाय. नाक्यावरचा ॲक्सेसरीवाला "काही होत नाही हो" म्हणेल. दंड आणि अडकलेला विम्याचा दावा त्याच्या नावावर येणार नाही. आधी आरटीओत विचारा, लेखी काय ते घ्या, मग टपाला हात लावा.

पुढच्या भागात बाइकची सीट. ती फाटल्यावर आपण तिला दुधाची पिशवी बांधून फिरतो, तिचं बघू. भेटूच.